एकवीस मार्च ते दोन एप्रिल

2025 च्या 21 मार्चला आमच्याकडे मोज्यांवरून रडारड झाली. त्याबद्दल लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले. आज लिहितेय, कारण त्या मोज्यांच्या निमित्ताने एक गोष्ट सगळ्यांना सांगायची आहे, आणि नातेवाईकांपैकी प्रत्येकाला वेगवेगळा फोन करून सांगायचा धीर मला होत नाही. सगळ्यांनी इथेच वाचा, आणि मग फोन करा. :)

तर 21 मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस. तारीख मुद्दाम निवडलेली आहे. आपल्या पेशींत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. डाऊन सिंड्रोममध्ये 21 व्या गुणसूत्राच्या तीन असतात. म्हणून तिसऱ्या महिन्याची 21 तारीख. त्या दिवशी दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालायची टूम आहे. मोज्यांचा आकार गुणसूत्रासारखा दिसतो म्हणे. आमच्या पालकांच्या गटाने एका हॉलमध्ये छोटासा कार्यक्रम ठेवला होता. मुलांचा नाच, फोटो, नंतर इडली-चटणी.

आमचे चिरंजीव, म्हणजे बंड्या (खरं नाव अर्थातच वेगळं आहे, पण इथे बंड्याच), नऊ वर्षांचा. मी त्याला एक पिवळा आणि एक निळा मोजा घातला. त्याने काढला. मी परत घातला. असं चार वेळा झालं. रिक्षात त्याने मोजे धरून ओढले, हॉलमध्ये स्पीकर सुरू झाल्यावर कानांवर हात ठेवले, आणि नाचाच्या वेळी तो स्टेजमागच्या टेबलाखाली जाऊन झोपला. मी त्याला बाहेर काढायला गेले तर त्याने स्वतःचं मनगट चावलं. रक्त आलं.

एक आई धावत आली. मनाने फार चांगली आहे ती. म्हणाली, "अगं, आपली मुलं किती सोशल असतात ना... याला आज काय झालं?"

आज काही झालं नव्हतं. तो रोजच असा असतो, हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तसा कागद दोन वर्षं माझ्या कपाटात होता. तरी मी मोजे घातले. त्या "आपली मुलं"मध्ये माझा मुलगा बसावा म्हणून.

तो कागद काय आहे ते सांगते. बंड्याला डाऊन सिंड्रोम आहे हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्याला ऑटिझमही असावा, असं 2023 मध्ये डॉक्टरांनी लिहून दिलंय. 'संभाव्य' हा शब्द त्यांचा. घरातल्या चार माणसांशिवाय हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर डोक्यात गोंधळ होईल.

बंड्या जन्मला तेव्हा रक्ताचा रिपोर्ट यायला काही दिवस लागले. रिपोर्ट आला त्यात गुणसूत्रांचा फोटो होता, 21 व्या घरात तीन काड्या. विषय संपला. वादाला जागाच नाही. नंतर हृदयाची शस्त्रक्रिया झाली (डाऊन असलेल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो), थायरॉइडची गोळी सुरू झाली. त्या सगळ्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक माणूस एक वाक्य बोलायचा, "ही मुलं फार प्रेमळ असतात हो. घर आनंदी ठेवतात." मावशी म्हणाली, नर्स म्हणाली, किराणावाले काका म्हणाले. मला त्या वाक्याने खूप आधार दिला हे खोटं नाही. रात्री दोन वाजता नळीने दूध पाजताना मी ते वाक्य मनात म्हणायचे. बोलायला उशीर होईल, शिकायला उशीर होईल, पण गळ्यात पडेल, हसेल, पाहुण्यांना नमस्कार करेल. एवढं पुरे होतं मला.

मग तीन वर्षं झाली, चार झाली. गटातली बाकीची मुलंही बोलत नव्हती. पण न बोलता केवढं बोलायची! बोट दाखवून "ते दे" म्हणायची. टाटा करायची. आईने डोक्याला हात लावला की आपणही लावायची. एक मुलगी तर मालिकेतल्या सासूची नक्कल करायची, आणि एकही शब्द न उच्चारता. डाऊन असलेल्या मुलांचं हे बलस्थान मानतात. बोलणं मागे राहतं, पण हातवारे आणि नक्कल यांतून ती पुष्कळ काही साधतात.

बंड्या बोट दाखवत नव्हता. त्याला बिस्किट हवं असलं की तो माझा हात मनगटाशी धरायचा, ओढत न्यायचा आणि डब्यावर ठेवायचा. हात माझा, पण माझ्या तोंडाकडे तो बघायचा नाही. चिमट्याने भांडं उचलताना आपण चिमट्याकडे थोडंच बघतो, तसं. आणि स्टीलच्या डब्यांची झाकणं. ओट्याखाली बसून एकेक झाकण कडेवर उभं करून फिरवायचा आणि ते थांबेपर्यंत डोळे अगदी जवळ नेऊन बघत राहायचा. तासन् तास. हाक मारली तर वळून बघायचा नाही. म्हणून कानांची तपासणी केली, ठीक निघाली. (हे इतर पालकांसाठी मुद्दाम लिहितेय. आपल्या मुलांना ऐकू कमी येणं, थायरॉइड बिघडणं, झोपेत श्वास अडकणं हे प्रकार खूप आढळतात, आणि त्यांनीही मूल हरवल्यासारखं वागू शकतं. ते आधी तपासून घ्या.)

मी विचारलं डॉक्टरांना. दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे उत्तर एकच, "डाऊन आहे ना, मग हे असं असणारच." झाकणं फिरवतो? डाऊन आहे ना. रात्री तीनला उठून बसतो? डाऊन आहे ना. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर डोकं आपटतो? डाऊन आहे ना! एका निदानाची सावली इतकी मोठी पडते, की तिच्याखाली दुसरं काही असलं तरी दिसत नाही. हे माझं एकटीचं रडगाणं नाही. डाऊन असलेल्या मुलांमधला ऑटिझम उशिरा ओळखला जातो, हे या विषयातल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. आणि तो दुर्मिळही नाही. 2015 मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात डाऊन सिंड्रोममध्ये ऑटिझमची लक्षणं असण्याचं प्रमाण सुमारे 16 टक्के दिलं आहे. म्हणजे साधारण सहा मुलांत एक. आमच्या गटात तीस-पस्तीस मुलं आहेत. हिशेब तुम्हीच करा.

पण सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारून मोकळं होणं बरोबर नाही. खरं सांगायचं तर "असं असणारच" हे उत्तर मला हवंच होतं. तिसऱ्या ठिकाणी विचारायला मी दोन वर्षं गेलेच नाही. एक पुरे नाही का, असं वाटायचं. आणि त्या दोन वर्षांत मी काय केलं? त्याला प्रेमळ करायचा प्रयत्न केला.

हे लिहिताना हात अडखळतोय, पण लिहिते. आत्या आली की मी त्याला ढकलायचे, "जा, आत्याला पापी दे." तो अंग आक्रसून घ्यायचा, आणि मी मागून धरून ठेवायचे. आम्ही सगळे हसायचो. त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड माझ्याकडे वळवायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे." दिवसातून वीस-पंचवीस वेळा. आठवड्यातून दोनदा नाचाच्या क्लासला न्यायचे, कारण 'या मुलांना संगीत फार आवडतं'. क्लासच्या जिन्यातच तो मनगट चावायला लागायचा. तिथे घट्टा पडला, एक रुपयाच्या नाण्याएवढा. मी त्यावर खोबरेल तेल लावायचे आणि परत क्लासला न्यायचे.

ज्या वाक्याने मला रात्री दोन वाजता आधार दिला, त्याच वाक्याची मी फूटपट्टी केली आणि पोराला रोज मोजत राहिले. आता मला वाटतं, की मूल प्रेमळच असतं असं ठरवून टाकणं हे मूल काहीच कामाचं नाही असं ठरवण्याच्या फार लांब नाही. दोन्हीत मुलाकडे कोणी बघितलेलंच नसतं. जून 2025 मध्ये 'सितारे जमीन पर' आला तेव्हा मला एका आठवड्यात सात फोन आले. सिनेमा चांगला आहे, अशा मुलांच्या भूमिका अशाच मुलांनी केल्या आहेत याचा तर मला मनापासून आनंद झाला. पण सातही फोनवर शेवटी तेच, "किती निरागस असतात गं!" हो, असतात. काही चिडकी असतात, काही लबाड असतात, आणि माझा थिएटरमध्ये पाच मिनिटंसुद्धा बसू शकत नाही.

असो. शेवटी 2023 मध्ये, बंड्या सात वर्षांचा असताना, आम्ही मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. तिथे मला पहिल्यांदा कळलं, की या निदानात फोटोतल्या काड्या मोजायची सोय नसते. ऑटिझमसाठी तशी रक्ताची तपासणी नाही. मुलाला खेळताना बघायचं, पालकांना प्रश्न विचारायचे, आणि त्यावरून ठरवायचं. आपल्याकडे सरकारी प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनपट्टी वापरतात, तिच्यात 40 मुद्दे आहेत. प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज 70 च्या पुढे गेली की ऑटिझम धरतात. बंड्याची 98 झाली. म्हणजे 'सौम्य'च्या खान्यात.

पण त्या डॉक्टर बाई लगेच म्हणाल्या, "हा आकडा फार घट्ट धरून बसू नका. यातले काही गुण बुद्धीच्या वाढीमुळेही आलेले असू शकतात, ते वेगळे काढणं अवघड असतं. म्हणून मी 'संभाव्य' लिहिते. पण घरी आणि शाळेत तो आहे असं धरूनच चाला. नसला तरी याने त्याचं काही नुकसान होणार नाही. असला आणि तुम्ही नाही धरलंत, तर होईल."

मला आजवर मिळालेला हा सर्वात कामाचा सल्ला आहे.

आता मुद्द्यावर येते. घरात जेव्हा हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आणखी एक शिक्का कशाला? औषध थोडंच आहे त्यावर? आणि बाहेर बोलू नकोस, उद्या मोठीच्या लग्नात विचारतील." (मोठी तेव्हा अकरा वर्षांची होती. :) ) सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, देवासमोर दिवा लावला. नवरा म्हणाला, "नाव काहीही ठेवा, पोरगा तोच आहे ना?"

आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. दुसऱ्या नावाची किंमत मोजावी लागते. एका ऑटिझम केंद्रात आम्हाला सांगितलं, की डाऊनच्या मुलांना आम्ही घेत नाही, त्यांचा वेग वेगळा असतो. एका विशेष शाळेत सांगितलं, डाऊन चालेल, पण ऑटिझम असेल तर आमच्याकडे तेवढा स्टाफ नाही. म्हणजे दोन्ही दारांत उभे, आणि दोन्ही दारांतून "पलीकडच्या दारात विचारा". गंमत अशी, की कायदा आपल्या शाळांपेक्षा शहाणा आहे. 1995 च्या अपंगत्वाच्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अक्षमतेचे 21 प्रकार धरले (इथेही 21!), त्यांत ऑटिझम आहे, बौद्धिक अक्षमता आहे, आणि एकाहून जास्त अक्षमता एकत्र असणं हाही एक प्रकार आहे. म्हणजे बंड्यासारखं मूल असू शकतं हे कायदा लिहिणाऱ्यांना सुचलं होतं. शाळांच्या प्रवेश-अर्जावर मात्र अजून एकाच चौकोनात खूण करायची असते.

तरीही माझं मत असं आहे, की दुसरं नाव घ्यावं. प्रश्नचिन्हासकट घ्यावं, आणि शंका आली की लगेच घ्यावं. माझ्यासारखी दोन वर्षं घालवू नयेत.

कारण नवरा म्हणतो ते अर्धंच खरं आहे. पोरगा तोच आहे, पण मी तीच राहिले नाही. नाव मिळाल्यावर मी हनुवटी धरणं सोडलं. नाचाचा क्लास बंद केला. कुकर लावायच्या आधी त्याला कुकरचा फोटो दाखवायचा आणि हेडफोन द्यायचा, हे सुरू केलं. गणपतीत तो आरतीला आतल्या खोलीत असतो, टाळ थांबले की बाहेर येतो आणि प्रसाद घेतो. ज्यांना आजवर वाटत होतं की आम्ही त्याला लाजून आत ठेवतो, त्यांच्यासाठी हा खुलासा. शाळेसाठी मोजे उलटे करून घालतो, कारण बोटांपाशी जी शिवण असते ती त्याला टोचते. नऊ वर्षं मला वाटत होतं की तो हट्टी आहे. शिवण होती ती!

आणि फोटोंची वही. भाज्या, बिस्किट, पाणी, रिक्षा, झाकण, असे छोटे फोटो, मागे चिकटपट्टी. हवं ते काढायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. आठ महिने काही झालं नाही. तो फोटो काढायचा आणि जमिनीवर फिरवायचा, झाकणासारखे. मग एका दुपारी मी भाजी निवडत होते. बंड्या आला, माझी मूठ उघडली, त्यातली मेथी बाजूला केली आणि झाकणाचा फोटो माझ्या तळहातावर ठेवला. आणि थांबला. सात वर्षं तो माझा हात धरून वस्तूवर ठेवत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्या हातात काहीतरी दिलं. झाकण द्यायला मी उठले तेव्हा माझे पाय थरथरत होते.

याला चमत्कार वगैरे म्हणू नका. अजून तो बोलत नाही. अजून रात्री तीनला उठतो. मनगटावरचा घट्टा अजून आहे, पण मऊ पडलाय. पडला होता, असं म्हणायला हवं. 21 मार्चला मी तो परत फोडला.

दोन एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिवस. 21 मार्चपासून बरोबर बारा दिवसांनी येतो. त्या वर्षी मध्ये 30 तारखेला पाडवा होता. गुढी उभारताना बंड्या गॅलरीत शेजारी उभा होता, मनगटाला पट्टी, गडूवर पडलेलं ऊन एकटक बघत. सासूबाई, ज्या कधी काही बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "हा त्या दोन तारखांच्या मधला आहे बघ. दोन्हीकडून कोणी न्यायला यायचं नाही. आपणच सांगायला पाहिजे, हा आमचा म्हणून."

म्हणून सांगितलं. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. मला तो शब्द फारसा आवडत नाही. बंड्या स्वतःत मग्न नसतो हो, झाकणात मग्न असतो, उन्हात मग्न असतो. पण तुम्हाला तो सोयीचा वाटत असेल तर तोच वापरा, माझी हरकत नाही. फक्त कुजबुजत वापरू नका.

नातेवाईकांना एवढंच, की आलात की त्याला जवळ ओढू नका. शेजारी खाली बसा आणि एखादं झाकण फिरवा. बहुधा तो बघेल. झाकणाकडे बघेल, तुमच्याकडे नाही, पण तेवढ्यावर तुम्ही समाधान मानायला शिका. मला जमलं, तुम्हालाही जमेल. आणि ज्यांच्या घरी डाऊनचं मूल आहे, आणि "असं असणारच" हे उत्तर ज्यांच्या घशाखाली नीट उतरत नाहीये, त्यांनी तिसऱ्या ठिकाणी विचारायला जावं.

येत्या 21 मार्चच्या कार्यक्रमाला आम्ही जाणार आहोत. स्पीकर सुरू व्हायच्या आधी पोचायचं, इडली खायची आणि निघायचं. गटातल्या त्या आईला मी फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझाही बोट दाखवत नाही गं."

मोजे आम्ही घालणार नाही. बंड्या अनवाणी येईल, आणि मीसुद्धा.